मदत हवी आहे: निर्बंधांमुळे सहकाऱ्याचं खातं मर्यादित झालं, आता रेपो (कोडचं ऑनलाइन भांडार) हलवायचा का?

मंडळी,

आम्ही तिघं मिळून एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी (इतर प्रोग्राममध्ये वापरता येणारा, सर्वांसाठी खुला कोड) सांभाळतो. तिघांपैकी एक जण क्रिमियात (रशियाने २०१४ मध्ये युक्रेनकडून बळकावलेला प्रदेश) राहतो. कोड ज्या सेवेवर ठेवलाय, तिने अमेरिकी व्यापार निर्बंधांचं कारण देऊन त्याचं खातं मर्यादित केलंय. सार्वजनिक रेपो त्याला उघडतो, खासगी उघडत नाही. पंचाईत अशी की सुरक्षेच्या त्रुटींवरचे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) जाहीर करण्याआधी आम्ही खासगी रेपोतच तपासतो, आणि त्याचं अर्धं काम तिथे अडकलंय.

लायसन एमआयटी (कुणालाही वापरू-बदलू देणारं), कोड जगासमोर उघडा. मग बंदी नेमकी कशावर? त्याचे पॅच ईमेलवर घेतले तर चालेल का? कुणी म्हणतं व्हीपीएन (खरं ठिकाण लपवणारी जोडणी) लाव, कुणी म्हणतं सगळं युरोपातल्या सर्व्हरवर हलवा. वकील परवडणार नाही, म्हणून इथे विचारतोय.

प्रतिसाद १

बंदी कोडवर नाही, सेवेवर आहे. सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला सोर्स कोड अमेरिकी निर्यात नियमांच्या कक्षेबाहेरच राहतो (एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करणाऱ्या कोडच्या, काही प्रकारांत आधी कळवावं लागतं, ते तपासा). खासगी रेपो म्हणजे मात्र एका माणसाला पुरवलेली सेवा, आणि निर्बंध लागलेल्या भागातल्या माणसाला ती देणं अमेरिकी कंपनीला अडचणीचं. जुलै २०१९ मध्ये गिटहबने (कोड ठेवायची अमेरिकी सेवा) क्रिमिया, इराण, क्युबा, सीरिया आणि उत्तर कोरियातली खाती मर्यादित केली तेव्हा रेघ इथेच ओढली होती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्यांना इराणसाठी अमेरिकी अर्थखात्याचा परवाना मिळाला आणि तिथली खाती पूर्ववत झाली. असा परवाना कंपनीनेच मागायचा असतो, तुमच्या-आमच्या हातात काही नाही.

व्हीपीएनच्या वाटेला जाऊ नका. सेवेच्या अटींत ते बसत नाही, आणि सेवेकडे अपील करायचा दरवाजाही तुम्हीच लावून घ्याल. तो क्रिमियाबाहेर राहायला गेला असेल किंवा पत्ता चुकून ओळखला गेला असेल, तर अपील जरूर करा. प्रश्न तो कुठे राहतो याचा आहे, पासपोर्टचा नाही.

प्रतिसाद २

युरोपात हलवल्याने सुटका होईलच असं नाही. क्रिमियावर युरोपीय संघाचेही निर्बंध आहेत. आणि सेवा तिकडची असली तरी ती ज्यावर चालते तो क्लाउड (भाड्याचे सर्व्हर) कुणाचा, ते बघा. २०१८ मध्ये गिटलॅब (गिटहबसारखीच सेवा) गूगल क्लाउडवर गेलं तेव्हा निर्बंधित भागातल्या लोकांना ते उघडेनासं झालं होतं.

पॅचचं म्हणाल तर आधी त्याचं नाव अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंधितांच्या यादीत आहे का ते पाहा, ती सर्वांना शोधता येते. निर्बंधित भागात राहणं वेगळं आणि स्वतःच्या नावावर निर्बंध असणं वेगळं, दुसरं प्रकरण फार जड. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीचा गाभा) मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांच्या, यादीतून काही रशियन नावं काढली गेली, तेव्हाही वाद निर्बंध लागलेल्या कंपन्यांशी असलेल्या संबंधांवरून होता. पैशाचा व्यवहार मात्र पूर्ण टाळा, बाउंटी (त्रुटी शोधल्याचं बक्षीस) किंवा देणगीचा वाटासुद्धा नको.

धागाकर्ता

दोघांचे आभार. यादीत त्याचं नाव नाही, पैसेही कुणाला मिळत नाहीत. आमच्यात अमेरिकी कुणी नाही, याने फरक पडतो का? आणि उद्या सार्वजनिक रेपोही गेला तर?

प्रतिसाद १

पडतो. ते नियम मुख्यतः अमेरिकी व्यक्ती आणि कंपन्यांना लागू होतात, तुमच्या स्थानिक कायद्याचं वेगळं बघा. त्यामुळे त्याने पॅच सार्वजनिक मेलिंग लिस्टवर पाठवायचे आणि तुम्ही घ्यायचे, ही वाट मला ठीक वाटते. अडलेला सुरक्षा-पॅच तेवढा असा पाठवू नका, त्रुटी जगजाहीर होईल. गिटचा (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) पूर्ण क्लोन, म्हणजे रेपोची प्रत, त्याच्या संगणकावर असणारच. त्यातून पॅच काढून पीजीपीने (एन्क्रिप्शनचं साधन) बंद करून थेट तुम्हाला मेल करू द्या.

सार्वजनिक रेपोही जाऊ शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये टॉर्नेडो कॅशवर (क्रिप्टो व्यवहारांचा माग लपवणारी सेवा) निर्बंध आले तेव्हा गिटहबवरून त्याचा रेपो गेला. पुढच्याच महिन्यात अर्थखात्याने कोड प्रसिद्ध करण्यावर बंदी नसल्याचं स्पष्ट केलं, मग तो परत दिसू लागला. म्हणून मिरर (दुसरीकडे ठेवलेली प्रत) ठेवाच. आणि क्लोनमध्ये इश्यू (त्रुटी-सूचनांच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्टवरची (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) चर्चा येत नाही, लोक नेमकं हेच विसरतात. ती सेवेच्या एपीआयने (प्रोग्रामला माहिती पुरवणारी वाट) वेगळी उतरवून घ्या. मालक म्हणून एकटं त्याचंच खातं जोडलेलं असेल, तर आजच दुसरं जोडा.