चार्जर काढून ठेवा म्हणे!

टेकडीवाली
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक लांबलचक मेसेज पडला. ‘हवामान बदल आणि आपण : दहा सोपे उपाय’. चार्जर प्लगमधून काढून ठेवा, कापडी पिशवी वापरा, दात घासताना नळ बंद करा, वाढदिवसाला रोप द्या, वगैरे. खाली पंचवीस जणांचे हात जोडलेले. पाठवणारे गृहस्थ आदल्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोहून परतलेत, यंदाची दुसरी वारी. ग्रुपवर काही बोलले असते तर दिवाळीत फराळाचं ताट आलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

जरा हिशेब करू. रिकामा चार्जर वर्षभर लटकत राहिला तर फार तर दोन युनिटं जातील. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे झालं दीड किलो. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो. कोथरूडहून केक आणायला एकदा गाडी काढून कँपात गेलं की वर्षभराचं चार्जरचं पुण्य संपलं, वर उधारी. आणि अमेरिकेची जाऊन-येऊन एक फेरी माणशी दोन टनांच्या घरात. सरासरी भारतीयाचं अख्ख्या वर्षाचं उत्सर्जन तेवढं आहे!

माझ्या मते वजन चारच गोष्टींना आहे. कशाने फिरता, वीज कुठून घेता, ओला कचरा कुठे जातो, आणि झाडावर तोडणीची नोटीस डकवलेली दिसली की मुदतीत हरकत लिहून देता की नुसता फोटो काढता. बाकी सगळी रांगोळी.

पेठी खवचट
कोथरूडकर केक आणायला कँपात जातात हे वाचून ऊर भरून आला. हिशेब बरोबर आहे. मात्र तुमच्या चारही गोष्टी करायला माणूस एकतर निवृत्त हवा नाहीतर बिनकामाचा.

निवृत्त पण कार्यरत
असे मेसेज मीही पाठवतो, तेव्हा टोपी मला बसली असं समजूनच लिहितो.

पानशेत फुटलं तेव्हा मी तिसरीत होतो. पाणी जपून वापरायला आम्हाला कुणी धागा काढून शिकवलं नाही. नोकरीची बावीस वर्षं पिंपरीला सायकलने गेलो, तेव्हा तुमच्यातले निम्मे जन्मलेही नसतील. आज कुणी नळ बंद करायला सांगितलं तर त्यालाही हसायचं? थेंबे थेंबे तळे साचे हे खोटं आहे का? आणि हो, मीही अमेरिकेला जातो. मुलगी तिकडे आहे. नात दोन वर्षांतून एकदा मांडीवर बसते. ते टनांत मोजायचं असेल तर मोजा बापडे.

टेकडीवाली
काका, नातीला भेटू नका असं मी कुठे म्हटलं? भेटा. पण मग आल्यावर आम्हाला चार्जरचं प्रवचन नको. आणि थेंबांचं म्हणाल, तर तळ्याला खाली भगदाड असताना वरून थेंब मोजण्यात काय हशील?

हिंजवडीग्रस्त
‘कशाने फिरता’ म्हणे. सांगतो. थांब्यावर पन्नास मिनिटं उभा राहतो आणि मग दुचाकी काढतो. जून २०२५ मध्ये बसचा दिवसाचा पास ४० चा ७० केला. माझी गाडी वीस किलोमीटरला अर्धा लिटर पिते, म्हणजे पन्नासेक रुपये, आणि मी घरी तासभर आधी पोचतो. पर्यावरणासाठी माणसाने वीस रुपये जास्त द्यायचे आणि वर घामाने निथळत उभं राहायचं? मेट्रो २०२२ ला वनाझला सुरू झाली तेव्हा तिकिटासोबत सेल्फी काढणारे सगळे पुन्हा गाडीवर आलेले मी रोज सिग्नलला बघतो.

टेकडीवाली
भाड्याचं शंभर टक्के मान्य. म्हणून तर बससाठी भांडणं हे चार्जर काढण्यापेक्षा मोठं काम आहे. पासवाढीच्या वेळी एखादं निवेदन दिलंत का?

हिंजवडीग्रस्त
नाही. रात्री नऊला घरी पोचणारा माणूस निवेदन कधी देणार?

सोसायटीपीडित
बस राहू द्या, ओल्या कचऱ्यावर माझा जीव गेलाय. ऐकाच.

गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं, यातलं एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के सूट, दोन केली तर १०. आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी ताबडतोब मागच्या बाजूला विटांचा खड्डा बांधून घेतला. फीत कापली, पेढे वाटले. पहिले दोन महिने उत्साहात गेले. मग कुणीतरी त्यात आख्खी शिळी बिर्याणी ओतली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. आठ दिवसांत असा वास सुटला की तळमजल्यावरच्या आजी खिडकीत कापूर जाळून बसायला लागल्या. गांडुळं गेली. खड्ड्यावर पत्रा टाकला, त्यावर आता कुंड्या आहेत. सूट मात्र चालू! तपासणीची कुणकुण लागली की दोन दिवस आधी पिशवीभर गांडुळं येतात आणि पत्रा बाजूला सरकतो. मी सर्वसाधारण सभेत बोललो तर ‘तुम्हाला सूट नको का’ असं तोंडावर विचारलं. त्या दिवसापासून पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या मागे कुणीतरी रोज गाडी लावतं.

खताचा खड्डा
वास येतो म्हणजे पद्धत चुकतेय. ओल्याच्या बरोबरीने कोरडं हवं, पाचोळा, भुसा, नारळाच्या शेंड्या, काहीही. हवा खेळली पाहिजे. गांडुळांना तेलकट, शिजवलेलं आणि लिंबाची सालं चालत नाहीत. हवा नाही मिळाली की कचरा सडतो आणि मिथेन सुटतो. तो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो. पुण्याच्याच डॉ. आनंद कर्व्यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र केलं, त्याला २००६ साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन हा हरित ऊर्जेचा पुरस्कार मिळाला. आणि आपण पाचोळा जाळतो आणि खड्ड्यात बिर्याणी ओततो. माझ्या बाल्कनीत तीन वर्षं दोन बादल्या आहेत, आलेल्या पाहुण्यांना सांगेपर्यंत कळत नाही.

पेठी खवचट
पाहुणे सभ्य असतील.

उरुळीचा पाव्हणा
वाचून करमणूक झाली. आठ दिवस वास आला तर कापूर जाळला म्हणे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीत आम्ही लहानपणापासून त्या वासात जेवलोय. तुम्ही घंटागाडीत टाकलेलं कुठं जायचं? आमच्याकडं. घरच्या विहिरीचं पाणी आम्ही तोंडात घ्यायचं सोडलं, मग गुरांना द्यायचं सोडलं. बहिणीला बघायला आलेली मंडळी चहा न घेता उठली, गाव ऐकलं होतं पण वास घेतला नव्हता. गाड्या अडवल्या की पेपरात छापून यायचं, ‘पुण्याची कचराकोंडी’. कोंडी पुण्याची! २०१७ ला गावं शहरात घेतली, नंतर पुन्हा बाहेर काढली. तुमचं हवामान बदललं की नाही ठाऊक नाही, आमचं तीस वर्षांपूर्वीच बदललं.

निवृत्त पण कार्यरत
तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण आम्ही कर भरतो, कचरा वेगळा करून देतो. पुढे तो कुठे टाकायचा हे नागरिकाने ठरवायचं का? प्रत्येक गोष्टीत सामान्य माणसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं ही फॅशन झाली आहे.

उरुळीचा पाव्हणा
मग दहा उपाय कशाला पाठवता? वाहवा घ्यायची वेळ आली की सामान्य माणूस काय काय करू शकतो, आणि घाण निस्तरायची वेळ आली की तो कर भरतो. सहानुभूती ठेवा तुमच्याकडंच, चहासोबत.

निवृत्त पण कार्यरत
ही भाषा मला मान्य नाही. वयाचा तरी मान ठेवा.

टेकडीवाली
काका, ते चुकीचं बोलले नाहीत. आणि मंडळी, विषय वीज आणि प्रवासाचाही होता. गच्चीवर १० किलोवॉटचं सोलर बसवलं तर वर्षाला १४ हजारांच्या आसपास युनिटं मिळतात, म्हणजे वर्षाला साधारण दहा टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे त्यावर निघतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजारांचं अनुदान आहे. यावर कुणी बोलणार आहे का?

सोसायटीपीडित
बोलतो की. आमच्या गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावाल्यांकडे आहे, त्यांच्या मते गच्ची त्यांचीच. पण खड्ड्याचं राहिलं. तो ढवळायचा कुणी हा खरा वाद होता. शेवटी काम वॉचमनच्या गळ्यात पडलं, तीनशे रुपये जास्त देऊन. दुसऱ्या महिन्यात तो सोडून गेला.

कागद काच
कधी लिहीत नाही इथे. आज लिहितो.

माझी आई ‘स्वच्छ’मध्ये, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेत आहे. त्याआधी डोक्यावर पोतं घेऊन फिरायची, १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना निघाली तेव्हापासून ओळखपत्रवाली. तुमचं प्लास्टिक, पुठ्ठा, बाटल्या ती हाताने वेगळं करते, म्हणून ते पुन्हा कारखान्यात जातं, डेपोत नाही. त्याचे किलो आजपर्यंत कुठल्या दहा उपायांत मी वाचले नाहीत. कचरा वेगळा करून देतो असं वर काकांनी लिहिलंय. देत असतील. पण आईच्या ऐंशी घरांत नीट वेगळं देणारी घरं ती बोटांवर मोजते. बाकीच्यांत डायपर वरणभातात असतो. गेल्या पावसाळ्यात फुटकी काच लागून तिच्या तळहाताला पाच टाके पडले. काच वर्तमानपत्रातसुद्धा गुंडाळलेली नव्हती.

चार्जरचं म्हणाल तर आमच्याकडे एकच आहे, चौघांत. तो रिकामा कधी राहतच नाही.

पेठी खवचट
यावर खवचट काही सुचत नाही. नोंद घ्यावी.

हिंजवडीग्रस्त
मी वेगळा करून देतो. म्हणजे बायको करते. विचारून सांगतो.

सोसायटीपीडित
आमच्याकडे ज्या येतात त्यांचं नाव मला माहीत नाही, हे आत्ता लक्षात आलं. सात वर्षं झाली.

निवृत्त पण कार्यरत
माझ्या मेसेजमध्ये नळ होता, चार्जर होता, काच नव्हती. एवढं मान्य. नळाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि उरुळीच्या गृहस्थांच्या भाषेबद्दलही नाही. कागद काच, आईंना विचारून सांगा, सामान्य माणसाने नेमकं काय केलं तर त्यांना बरं पडेल? यादीत घालतो.

उरुळीचा पाव्हणा
घाला. अकरावा उपाय.

कागद काच
विचारलं. म्हणाली, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करून द्या. काच वेगळी, हातात. आणि पिशवीला गाठ मारू नका, सोडवण्यात वेळ जातो. यादी कसली विचारलं तिने, मी काही सांगितलं नाही.