काळ्या मातीच्या फरशीवर ‘ये धर्मा’ गाथा: तडे आणि टवके

मृण्मय_सोलापूर: विहारासाठी मातीच्या फरशीवर ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ (सगळं कारणांतून उपजतं असं सांगणारी बौद्ध गाथा) कोरून भाजायचंय. जपानमध्ये सूत्रं फरश्यांवर कोरून पुरत, त्या धर्तीवर, दोन्ही बाजूंनी. 20 सेंमी चौरस, जाडी 1 सेंमी, माती शेतातली काळी. सावलीत वाळवूनही तिसऱ्या दिवशी मधोमध तडा जातो. एक भाजली, तिचे आठवड्याभराने टवके उडाले. कुठे चुकतंय?

आवा: काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात ना, तेच. दोन भाग तळ्याचा गाळ, एक भाग काळी, एक भाग चाळलेली विटांची भुकटी घेऊन बघा. आधी या मिश्रणाची एक पट्टी करून तिच्यावर 10 सेंमीची रेघ मारून वाळवा. 9.3 च्या खाली आली तर भुकटी वाढवा. जाडी दीड ते दोन सेंमी हवी.

कडा आधी वाळून कडक होतात, मधला भाग मागाहून आकसतो, म्हणून तडा मधोमध. कडांवर ओलं फडकं, वर-खाली फळ्या, मधे वर्तमानपत्र, रोज उलटवायची.

टवक्यांचं दुखणं वेगळं, ते चुनखडीचे खडे. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तो ओलावा पिऊन फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. कोरडं चाळून भागत नाही. दोन दिवस भिजवा, रबडी करून मलमलीतून गाळा.

गाथापाठ: दोन प्रथा एकत्र होताहेत. जपानी फरश्यांवर अख्खी सूत्रं असत. इ.स. 1052 पासून धर्माचा ऱ्हासकाळ सुरू झाला अशी तिथे समजूत होती, म्हणून सूत्रं टिकावीत यासाठी ती पुरत. सद्धर्मपुंडरीक या एकाच सूत्राची चिनी अक्षरं सुमारे 69 हजार. ओळीत 17, बाजूला 10 ओळी धरल्या तरी दोनशेवर फरश्या लागतील. ‘ये धर्मा’ मात्र आपल्याकडे साच्याने ठसवत. नालंद्याला, कान्हेरीलाही असे ठसे मिळालेत. साचा करणार असाल तर अक्षरं उलटी. कोरीव नमुना हवाच तर नालंद्याची प्रतीत्यसमुत्पादाची (कार्यकारणाच्या साखळीचं सूत्र कोरलेली) वीट बघा, गुप्त संवत 197, म्हणजे इ.स. 516-17.

अंगठा दाबून ठसा उमटत नाही पण नखाची रेघ पडते, तेव्हा बांबूच्या टोकाने कोरा, खोली एक मिमी. कडेला उठलेली माती ओली असताना पुसू नका, अक्षर बुजतं. वाळल्यावर ब्रशने झटका.

आवा: शिरोरेषा सलग ओढू नका. आडवी लांब खाच म्हणजे तड्याला वाटच. शब्दागणिक तोडा.

मृण्मय_सोलापूर: शिरोरेषा सलगच होती, आणि तडाही तिच्याच रेषेत. आता गाळ आणून पट्टी वाळत घालतो.