हँडल फिरवायचं शिल्प, पण पब्लिक उलटंच फिरवतं, काय करू?

बगळेवाला:
मंडळी, आम्ही चौघांनी पत्र्याचा सात फुटी बगळा केलाय, हँडल फिरवलं की पंख हलतात, मान खालीवर होते. मागे एका आर्ट फेस्टिव्हलला मैदानात ठेवला तर पहिल्याच संध्याकाळी पोरांनी गरागरा उलटा फिरवून चेन उतरवली, मानेचा दांडा वाकवला, आणि एका काकांनी हँडल मधेच सोडलं तर ते पंखांच्या वजनाने फिरून त्यांच्याच कोपरावर बसलं. 'हात लावू नये' असा बोर्ड लावायचा तर मग केला कशाला? यंदा मुंबईच्या काळा घोडा फेस्टिव्हलला अर्ज टाकायचाय, नऊ दिवस ती गर्दी, कसा टिकणार?

लेथमास्तर:
भंगारातून सायकलचा फ्रीव्हील आणा, म्हणजे मागच्या चाकावरचं एकाच दिशेने जोर देणारं दातेरी चक्र. उलटं फिरवलं की नुसती कटकट, बगळा ढिम्म. हँडल सोडल्यावर पंख पुढे फिरले तर हँडल जागीच राहील, कोपर वाचलं; पंख मागे घसरले तर मात्र हँडलही मागे फिरेल. पण पुढे ४४ आणि मागे १८ दाते असे सायकलीसारखे लावू नका, एका फेऱ्यात पंख जवळजवळ अडीचदा फडफडतील, पत्रा फाटेल. छोटं चक्र हँडलला, मोठं पंखांना. आणि फ्रीव्हील हँडलच्या शाफ्टवर घेताना तोंड फिरवून बसवा, नाहीतर सुलटं फिरवल्यावर कटकट होईल 😄

रसवंतीवाला:
आणि कुणी पंखालाच लटकलं तर? चेन काढा, पट्टा घाला, जास्त जोर आला की सटकला पाहिजे, गिरणीचा सटकतो ना तसा. हँडलला घुंगरू बांधा, रसवंतीच्या चरकाला असतात तसे. लोक आपोआप तालात फिरवतात, बघा करून.

वाळूतला:
मुळात पत्रा कशाला? नेदरलँड्सचे थिओ यान्सेन १९९० पासून वायरिंगच्या पिवळ्या पीव्हीसी पाइपांचे प्राणी करतायत, बीचवर नुसत्या वाऱ्यावर चालतात. पायातल्या नळ्यांच्या लांबीचं गणित जमवलंय, आणि एवढं धूड पण एकटा माणूस ओढतो. पंख हलके केलेत तर निम्मी भानगड मिटेल.

लेथमास्तर:
पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकतो हो.

वाळूतला:
नऊ दिवसांत?? लोणचं घालायचंय का बगळ्याचं

बगळेवाला:
अपडेट. फ्रीव्हील बसवला, घुंगरू पण, पट्टा अजून व्हायचाय, पंख पत्र्याचेच ठेवलेत कारण उन्हात चमकतात त्याची मजा वेगळी. शेजारचा पोरगा ट्रायलला आला, उलटं फिरवलं, कटकट ऐकली, म्हणाला हा आवाज भारीय. आता तो फक्त उलटंच फिरवतो.