फेंटानिलवर प्रतिपिंड: नालोक्सोन असताना त्यांची गरज काय?

ओहायोवासी (प्रश्न)
मी अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका सार्वजनिक वाचनालयात काम करतो. आमच्या टेबलाच्या खणात, फेंटानिल या अतितीव्र अफूसदृश औषधाच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या नालोक्सोनच्या ४ मिलिग्रॅमच्या नाकात मारायच्या फवाऱ्याची दोन पाकिटे कायम असतात. फवारा मारल्यावर शुद्धीवर आलेल्या माणसाला एकटे सोडू नये, कारण त्याचा श्वास पुन्हा मंदावू शकतो, असे प्रशिक्षणात बजावले होते. असे का होते? आणि सध्या चाचण्या सुरू असलेल्या फेंटानिलविरोधी प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडी) हे टळेल का, की व्यसनच सुटेल?

भूलतज्ज्ञ_पुणे
नालोक्सोन मेंदूतील ग्राहीवरून (रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटते ती जागा) फेंटानिलला हुसकावते, परंतु फेंटानिल शरीरातून नाहीसे करत नाही. रक्तातील नालोक्सोनचे प्रमाण एक-दोन तासांत निम्मे होते. तोवर चरबीत मुरलेले फेंटानिल रक्तात परत येत राहिले, तर ते रिकाम्या झालेल्या ग्राहीवर पुन्हा बसते आणि श्वास दबतो. प्रतिपिंडाची तऱ्हा वेगळी आहे. तो सहसा मेंदूत शिरतच नाही. रक्तातच औषधाचा रेणू धरून ठेवतो, आणि त्यामुळे मेंदूतला साठाही हळूहळू रक्ताकडे ओढला जातो. आपण जिला सर्पदंशाची लस म्हणतो, ती खरे तर लस नव्हे, तर घोड्याच्या रक्तातून मिळवलेले तयार प्रतिपिंडच असतात. तत्त्व तेच आहे.

रेणूवेडा
वरील उत्तरात मात्रेच्या हिशोबाची भर घालतो, कारण या विषयाची सारी मेख तिथे आहे. फेंटानिलच्या रेणूचे वजन सुमारे ३३६ आणि प्रतिपिंडाचे सुमारे दीड लाख. एक प्रतिपिंड फार तर दोन रेणू धरतो. म्हणजे १ मिलिग्रॅम फेंटानिल बांधायला साधारण २२० मिलिग्रॅम प्रतिपिंड लागतील, जे सलाइनमधून सहज देता येतात. हेच १०० मिलिग्रॅम हेरॉइनसाठी करू गेल्यास २० ग्रॅम लागतील, आणि ते व्यवहार्य नाही. मॉर्फिनविरोधी लसीमुळे माकडाचे हेरॉइन घेणे बदलते का, हे १९७४ मध्येच तपासले गेले होते. तरीही खरी संधी फेंटानिलनेच दिली, कारण ते अत्यल्प मात्रेत मारते.

तयार मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेले, सगळे एकसारखे) प्रतिपिंड टोचताक्षणी कामाला लागतात आणि काही आठवडे टिकतात. लसीचे तसे नाही. एवढा लहान रेणू प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाही, म्हणून तो धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषासारख्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचावा लागतो, आणि प्रतिपिंड तयार होण्यास आठवडे जातात. शिवाय ते प्रत्येकाच्या शरीरात सारखे तयार होत नाहीत. निकोटिनवरील लस २०११ मध्ये मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरली, तेव्हा हा धडा मिळाला होता. मला स्वतःला लसीपेक्षा तयार प्रतिपिंडांकडून अधिक आशा आहे.

व्यसनाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: प्रतिपिंड तलफ शमवत नाहीत. फेंटानिल अडवले तरी माणूस हेरॉइनकडे किंवा निटाझिनांकडे (दुसरी तीव्र, कृत्रिम अफूसदृश औषधे) वळू शकतो, कारण त्यांचे रेणू वेगळ्या घडणीचे असल्याने या प्रतिपिंडांच्या पकडीत येत नाहीत. त्याच कारणाने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या औषधांचे उपचार मात्र निर्धास्त चालू ठेवता येतात, आणि तलफेवरचा खरा उपाय आजही तोच आहे.

ओहायोवासी
आभारी आहे. मग प्रतिपिंड दिलेल्या माणसाला अपघात होऊन शस्त्रक्रिया करावी लागली, तर?

भूलतज्ज्ञ_पुणे
हीच शंका माझ्याही मनात प्रथम आली. शस्त्रक्रियेत वेदना दाबायला आम्हीही फेंटानिलच वापरतो. आमच्या ट्रेमधील २ मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल असते, आणि वरच्या हिशोबाने ते निष्प्रभ करायला २२ मिलिग्रॅम प्रतिपिंड पुरतात. त्या रुग्णाच्या अंगात त्याच्या कितीतरी पट असतील, म्हणजे माझे औषध वायाच जाणार. मॉर्फिन किंवा केटामिन वापरून, अथवा जागा बधिर करून, काम भागवता येते. पण रुग्ण बेशुद्ध असेल तर मला हे सांगणार कोण? ज्याला प्रतिपिंड दिले, त्याच्या मनगटावर तशी नोंद असलेला पट्टा बांधलेला असायलाच हवा.