बारावीच्या मुलांचा परिचय: फॉर्म बदलू या

नमस्कार मंडळी,

जूनच्या सत्कारासाठी हायस्कूल संपवणाऱ्या मुलांचे परिचय मागवायचे आहेत. ‘स्वभाव व छंद’ हा रकाना यंदा काढून टाकावा. तो बहुतेक आई-बाबाच भरतात, म्हणून ‘हुशार, मनमिळाऊ, वाचनाची आवड’ असंच येतं; नावं अदलाबदल केली तरी कुणाला कळणार नाही. काही जण कॉमन अ‍ॅपमधली (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सामायिक अर्जातली) यादी जशीच्या तशी चिकटवतात. तिथे दहा उपक्रम आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं, म्हणून सगळी लघुरूपं. माइकवरून ती वाचली की आजी-आजोबा एकमेकांकडे बघतात.

त्याऐवजी मुलांनाच तीन प्रश्न विचारावेत: मोकळ्या शनिवारी आधी काय हातात घेतोस? यंदा काय बनवलंस, दुरुस्त केलंस किंवा कुणाला शिकवलंस? घरचे कशावरून चिडवतात? (शेवटचं छापायचं की नाही, ते मुलानेच ठरवायचं.) ‘रोबॉटिक्सची आवड’ नको, ‘वायरिंग हिच्याकडे, सामन्याआधी प्रत्येक तार ओढून सैल जोड शोधते’ हे हवं. यात स्वभावही आला. ईगल स्काउट (स्काउटिंगमधला सर्वोच्च दर्जा) असेल तर किमान 21 बॅजेस सगळ्यांचेच असतात. प्रकल्प कोणता केला ते लिहा. तबला असेल तर कुठल्या परीक्षेपर्यंत, मध्यमा पूर्ण की विशारद, तेही.

मर्यादा 60 शब्द, म्हणजे माइकवर अर्धा मिनिट.

– युवा समिती

---

दादा, प्रश्न छान आहेत. फॉर्म मात्र 1 मेनंतर पाठवा. त्याआधी बरीच घरं कॉलेजच्या निर्णयात अडकलेली असतात. आणि कॉलेजचं नाव ऐच्छिक ठेवा. वेटलिस्टवरच्या मुलाला स्टेजवर अवघडून उभं करण्यात काय हशील? क्रम आडनावाप्रमाणेच.

स्मरणिकेत फोटो 2×3 इंच छापायचा तर किमान 600×900 पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मजकूर युनिकोडमध्येच द्या, जुन्या फॉन्टमधला आमच्याकडे नुसती चिन्हं होऊन उघडतो. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोजर ही देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय लावली नाही तर ‘कि’ची वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. प्रूफ तपासताना आधी आडनावं बघा, चूक तिथेच सगळ्यात जास्त झोंबते.

– स्मरणिका समिती

---

ताई, मान्य. स्मरणिकेची पीडीएफ वेबसाइटवर जाणार असल्याने जन्मतारीख आणि वसतिगृहाचं नाव फॉर्ममध्ये विचारतच नाही. परिचय मुलं इंग्रजीत लिहून देतील, मराठी कोण करणार? दोघं-तिघं हात वर करा.

– युवा समिती