म्हातारपणी ‘देव सोबत आहे’ एवढं पुरतं का?

घोरपडीकर
आई ८६ वर्षांची. पावसाळ्यात पडली, तेव्हापासून चर्चला जाणं बंद. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, देतात. तिचा हात थरथरतो, म्हणून भाकर मीच ओठांना लावतो. उशाशी ‘उपासना संगीत’ असतं; अक्षरं दिसत नाहीत, गाणी पाठ आहेत.
परवा म्हणाली, “मी आता कुणाच्या कामाची?” मी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४६वा अध्याय वाचला. बेल आणि नबो या बाबेलच्या देवांच्या मूर्ती थकल्या जनावरांवर लादाव्या लागतात, आणि देव मात्र केस पिकेपर्यंत आपल्या लोकांना स्वतः वाहतो. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ओझं झाले तरी चालेल.”
मला ख्रिस्ती आशा ती हीच वाटते. बरं होण्याची नव्हे, ओझं असूनही उचललं जाण्याची.

खडकीची सून
दादा, नाही पटत. सासरे दोन वर्षं अंथरुणावर होते. येणारा प्रत्येक जण वचन सांगायचा, प्रार्थना करायचा, चहा घेऊन जायचा. पाठीच्या जखमा कुणी पाहिल्या नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ते मी आणि नणंद करायचो. एकदा पपा रडले, तर चर्चच्या मंडळीतल्या एकांनी “विश्वास कमी पडतोय” म्हणून सुनावलं. पुढे ते आमच्यासमोरही रडले नाहीत.

घोरपडीकर
ते चुकलंच, ताई. बायबलमधलं ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ७१व्यात माणूस विनवतो, शक्ती सरली की मला टाकू नकोस. हे रडणंच आहे, आणि शास्त्रातच आहे.

गुरुवार पेठ
केडगावच्या पंडिता रमाबाई आठवा. ऐकू येणं कमी झालेलं, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी तडीस नेलं. एप्रिल १९२२ मध्ये देवाघरी गेल्या. आशा असली की शरीर आड येत नाही.

खडकीची सून
रमाबाईंच्या हाती काम होतं. पपांना चमचा धरता येत नव्हता. शरीर आड येतंच हो! योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो, म्हातारा झालास की दुसरा तुझी कंबर बांधेल. ते त्याच्या मरणाविषयी आहे हे ठाऊक आहे, पण पपांना लुंगी नेसवताना मला रोज तेच आठवायचं. आणि याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. तेल लावायचं तर अंगाला हात लावावा लागतो. आमच्याकडे तो कुणी लावला नाही.

घोरपडीकर
यावर माझ्याकडे उत्तर नाही. वचन मी सोडणार नाही, आईला त्याचा आधार आहे. पण तुम्ही लिहिलंत म्हणून आज चादर बाजूला करून पाहिलं. टाचा लाल झाल्यात. काय करू?

खडकीची सून
टाचा गादीला टेकू देऊ नका. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहू द्या. चोळू नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा. रविवारी उपासनेनंतर मी येते, कूस कशी बदलायची ते दाखवते. आईंना सलाम सांगा.