नागपूरला दोन दिवस, दोघंच, चार हजारांत जमेल का?

जामजवळचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जाम चौकापासून थोडं आत. नागपूर म्हटलं तर दीड-दोन तासांवर, पण आम्ही तिथे जातो ते मेडिकलला पेशंट घेऊन, नाहीतर कोणाच्या लग्नाला. कापसाचे पैसे आले तेव्हा बायको म्हणाली, एकदा काहीच काम नसताना जाऊ. म्हटलं चला.

शनिवारी २४ जानेवारीला सकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परत. सोमवारी थांबता येत नाही, ती अंगणवाडी सेविका आहे, झेंडावंदनाला हजर राहावंच लागतं. गायींचं दूध लहान भाऊ पाहील. खर्च सगळा मिळून चार हजार, त्याच्या वर नाही.

नागपुरातच मानेवाड्याला आतेबहीण राहते. तिच्याकडे मुक्काम केला तर लॉजचे पैसे वाचतील. दुसरं म्हणजे गाडीवर जावं की एसटीने? गाडी नेली तर शहरात फिरायला बरी पडेल असं वाटतं. काय काय पाहावं तेही सांगा.

रामटेकचा_भाचा

एसटीने या, महिलांना अर्धं तिकीट आहे. शनिवारी दीक्षाभूमी, अजब बंगला, महाराजबाग, फुटाळा तलाव. रविवारी सकाळी कामठीचं ड्रॅगन पॅलेस, तिथून रामटेक, गडमंदिर, खिंडसी तलाव, संध्याकाळी परत. आरामात होते.

टेकडीवरून

सोमवारची सुट्टी काढता आली तर पाहा. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतात. १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली ती याच टेकडीवर. वरून अख्खं शहर दिसतं.

जामजवळचा_शेतकरी

तिन्ही दिवस झेंडावंदनाचेच आहेत की हो. ही रिटायर झाल्यावर पाहू किल्ला.

जनरल_स्टोअरवाला

भाऊ, माझं गावात दुकान हाये, मालासाठी नागपूरची वारी चालूच राहते, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, आतेबहिणीकडे जाऊ नको. राग नको मानू. ती चांगलीच असन, पण तिच्याकडे उतरला की शनिवारी दुपारी तिच्या सासूची तब्येत पाहाची, संध्याकाळी तिच्या पोरांले घेऊन फुटाळ्याले जाचं, आणि वहिनी सकाळी उठून तिच्या किचनमंधी पोळ्या लाटन. रिकाम्या हातानं जाता येत नाही, पोरांच्या हातावर काही ठेवा लागते. वाचलं काय? अन् तिले कळलं की तुम्ही लॉजवर होते तं ती रागावन, म्हणून परत आल्यावर फोटो टाकू नको.

दुसरी, नागपुरात पैसा तिकिटात जात नाही, ऑटोत जाते. ऑटो लागते कारण माणूस स्वस्त म्हणून भलतीकडेच लॉज घेते. तू बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीले घे, मेट्रो स्टेशनपासून पायी जाता येईन असा. मेट्रोच्या दोन्ही लाइन सीताबर्डीलेच एकमेकीले मिळतात. एक खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, दुसरी लोकमान्य नगरहून प्रजापती नगरले. तिकीट दहा रुपयांपासून हाये. साधा स्वच्छ रूम हजार ते पंधराशेत भेटते. तुह्या चार हजारांतला मोठा खर्च एवढाच, तो कर. येण्या-जाण्याचं दोघांचं पाचशेच्या आत बसते, कारण वहिनीचं अर्धं. बाकीचे दोन हजार खाण्यापिण्याले अन् खरेदीले बम हायेत.

गाडी नागपूरपर्यंत नेऊ नको. जानेवारीच्या थंडीत पहाटे वर्धा रोडनं, बुटीबोरीच्या ट्रकांमधून बायकोले मागं बसवून नेणं हे काही फिरणं नव्हे. गाडी जामले वळखीच्या माणसाकडे लाव अन् एसटी पकड. गणेशपेठच्या स्टँडापर्यंत बसू नको, छत्रपती चौकातच उतर. तिथं मान वर करून पाहा, खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या डबल डेकर पुलाचं नाव गिनीज बुकात आलं होतं. तिथूनच मेट्रोत बसून बर्डीले या. वहिनी पहिल्यांदाच बसत असन तं खिडकीकडची जागा पाहा, वर्धा रोड वरून येगळाच दिसते.

बॅग लॉजवर टाकली की तर्री पोहे. मग अजब बंगला. इंग्रजांनी १८६३ ले उघडलेलं संग्रहालय हाये, सोमवारी बंद राहते, तुमचा शनिवार हाये म्हणून जमते. झिरो माईल स्टेशनवर उतरून पायी जा, वाटेत तो झिरो माईलचा दगड अन् घोड्यांचे पुतळे दोन मिनिटांत पाहून होतात. संध्याकाळी फुटाळा. तिथं मेट्रो नाही, तेवढा एक ऑटो करा लागन, करा. रात्री खरेदी बर्डीच्या फूटपाथवर. गांधीबागेत जाऊ नका, होलसेलवाले एका नगाले उभं करत नाहीत.

रविवारी सकाळी दीक्षाभूमी. राहाटे कॉलनी स्टेशनहून जवळ हाये. १४ ऑक्टोबर १९५६ ले बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली तिथं हा स्तूप हाये, आत गेलं की बाहेरचा गोंगाट ऐकूच येत नाही. घाई करू नका तिथं. दुपारी रमण विज्ञान केंद्र, कॉटन मार्केट स्टेशन त्याच्या जवळ पडते. तारांगणाच्या शोची वेळ पोचल्याबरोबर विचारून घ्या. तिथून गणेशपेठचा स्टँड जवळच, बसा अन् घरी या.

रामटेक पन्नासेक किलोमीटर हाये. तिकडं निघाले तं रविवार सारा बसमंधीच जाईन. पुढच्या वेळी जा, राम कुठी जात नाही.

देवळीची_लेक

दुकानवाल्या भाऊंचं लॉजचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण वेळापत्रक पुरुषाने केलेलं दिसतं. दादा, वहिनी अंगणवाडी करतात, वर घरचं आणि गायींचं. रविवारी सकाळी त्यांना आठ वाजेपर्यंत झोपू द्या आणि चहा रूमवर मागवा. एखादी जागा पाहायची राहिली तरी चालेल.

सावजी खायचं असेल तर फॅमिलीसाठी वेगळी बसायची सोय आहे का ते आधी बघा. काही सावजीमध्ये रात्री सगळा पिणाऱ्यांचाच कारभार असतो, बाईमाणसाला दोन घास सुखाने जात नाहीत. दुपारी जा, तेव्हा बरं असतं. आणि तिखटाची सवय असली तरी आधी एकच प्लेट मागवा, सावजीचा रस्सा आपल्या घरच्या रश्शासारखा नसतो, काळ्या मसाल्याचा भपका नंतर चढतो. जानेवारी आहे म्हणजे सांबारवडी (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) मिळेल, ती सोडू नका. संत्रा बर्फी निघायच्या दिवशी घ्या, आणि सासूबाईंसाठी एक डबा वेगळा, नाहीतर पुढच्या वेळी निघणं अवघड होईल.

खरेदीचे पैसे आधीच वहिनींच्या हातात द्या. प्रत्येक दुकानात तुमच्याकडे वळून पाहावं लागलं की त्यांना घेववत नाही.

जामजवळचा_शेतकरी

ताई, हे शेवटचं मी स्वतः कधी सुचवलं नसतं. आठशे आधीच देऊन टाकतो.

रामटेकच्या भाच्यांनो, तुमचं आमंत्रण पावलं, पण पुढे कधीतरी.

एक अडचण आहे. बायकोच्या आधारावर अजून माहेरचंच नाव आहे, बदलायचं राहूनच गेलं. लॉजवाला नवरा-बायको मानेल का? लग्नाचा दाखला आमच्याकडे नाही, लग्नपत्रिका तेवढी घरात असेल कुठेतरी.

जनरल_स्टोअरवाला

पत्रिका नको नेऊ बाप्पा, हसतीन. दोघांचं आधार पाहिजे, ओरिजनल, झेरॉक्स नाही. नावं येगळी असली म्हणून रूम नाकाराची असा काही कायदा नाही, पण काही लॉजवाले उगाच चौकशा करतात. म्हणून निघाच्या आधी फोनवरच सरळ सांग, की नवरा-बायको हावो, आधारावर नावं येगळी हायेत, चालन का. त्याच फोनवर चेकआउटचंही विचार. कुठी चोवीस तासांचं असते, कुठी दुपारी बारालेच रूम खाली करा लागते, तसं असन तं बॅग संध्याकाळपर्यंत काउंटरवर ठेवू देतीन का तेही विचारून घे. आढेवेढे घेतले तं फोन ठेव अन् दुसरा लाव, बर्डीवर लॉजची कमी नाही.

अन् २६ जानेवारीले जोडून सुट्टी येते, गर्दी राहीन. फोन याच आठवड्यात कर.